वाफसा येऊ द्या: न्यू जर्सीतल्या नव्या घराचा पहिला वसंत

प्रश्न असा आहे. मध्य न्यू जर्सीत पाव एकरावरचं घर डिसेंबरात घेतलं. बर्फ गेल्यावर खालून जे लॉन निघालं त्यात जागोजागी पेंढ्यासारखे गोल चट्टे आहेत, कुंपणाकडे नागमोडी चर आहेत, मागच्या मेपलखाली शेवाळ आहे आणि ड्राइव्हवेच्या कडेने हातभर रुंदीची पट्टी पार वाळली आहे. दुकानात चार पिशव्यांचा वर्षभराचा संच गळ्यात मारतात. डॅलसचा मावसभाऊ म्हणतो, गवत आधी जमिनीसरसं कापून टाक. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वास्तुशांत आहे, शंभरेक माणसं येतील. सुरुवात कुठून करू?

मी राहुरीला शेतीची पदवी घेतली आणि गेली २२ वर्षं याच भागात लोकांची लॉन सांभाळतो आहे. दर मार्चमध्ये असे प्रश्न येतात, आणि दर मार्चमध्ये मी आधी माणसाला त्याच्या लॉनवरून खाली उतरवतो.

बागेत जा, मूठभर माती उचला, मुठीत दाबा आणि अंगठ्याने ढकलून बघा. लाडू वळल्यासारखी घट्ट राहिली आणि बोटांना चिखल लागला, तर परत घरात या. ढकलल्यावर भुसभुशीत फुटली, तर वाफसा आला. आपल्याकडचा शेतकरी वाफशाशिवाय कुळव घालत नाही, आणि ते शहाणपण इथे जसंच्या तसं लागू आहे. ओल्या मातीच्या कणांमध्ये पाणी भरलेलं असतं. त्यावर माणूस, ढकलगाडी किंवा मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, फिरला की कण एकमेकांत रुतून बसतात आणि हवेची जागा जाते. ती वर्षभर परत येत नाही. मध्य न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी तांबड्या शेलपासून झालेली चिकण माती आहे. त्यातून नव्या वसाहतीत बिल्डरने वरची सुपीक माती खरवडून नेलेली असते आणि शेवटी चार बोटं परत पसरलेली असते. अशा जमिनीत मार्चच्या चिखलात केलेली एका शनिवारची हौस जुलैमध्ये भरावी लागते. वाफसा साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो. तारखेकडे बघू नका, मुठीकडे बघा.

तोपर्यंत कडेला उभं राहून निदान करा, कारण तुमच्याकडची चारही दुखणी वेगवेगळी आहेत आणि त्यातल्या दोघांना तर औषधच लागत नाही.

पेंढ्यासारखे गोल चट्टे म्हणजे बहुधा स्नो मोल्ड. बर्फाखाली महिनोन्‌महिने दमट आणि अंधारात राहिलेल्या गवतावर ही बुरशी वाढते. पाती चिकटून चपट्या झालेल्या दिसतात. ऊन आणि वारा लागला की बुरशी थांबते, म्हणून आता बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं आहे. वाफसा आल्यावर पंख्यासारख्या हलक्या रेकने पाती उकलून उभी करा, एवढंच. बुडखा तपासा: वाळकी काडी ओढली आणि ती तळाशी घट्ट, पांढरट-हिरवी असेल, तर गवत जिवंत आहे. तीनचार आठवड्यांत भरून येईल.

कुंपणाजवळचे नागमोडी चर व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्याचे. बर्फाखाली घुबड-ससाण्यांपासून सुरक्षित राहून तो गवत कुरतडत फिरतो, आणि बर्फ गेला की त्याचे रस्ते उघडे पडतात. मुळं सहसा शाबूत असतात. रेक फिरवा, पायाने हलकं दाबा. पिंजरे आणि विष यांची गरज नाही. मात्र कोवळ्या झाडांच्या बुंध्यांची साल तळाशी खाल्ली आहे का ते आवर्जून बघा. साल चहूबाजूंनी गेली असेल तर ते झाड वाचणार नाही.

ड्राइव्हवेची पट्टी मिठाने मेली आहे. हिवाळाभर टाकलेलं मीठ बर्फाच्या ढिगाऱ्यासोबत तिथेच साठलं. माती उघडी पडल्यावर तिथे दोनतीनदा भरपूर पाणी सोडा, म्हणजे मीठ मुळांच्या खाली झिरपेल. चिकण माती असेल तर जिप्सम टाका. त्यातलं कॅल्शियम मातीला धरून बसलेल्या सोडियमची जागा घेतं आणि मग सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. खारपड जमिनीला आपल्याकडे हाच इलाज करतात.

शेवाळाकडे नंतर येतो. आधी मावसभाऊ.

त्याचा सल्ला त्याच्या अंगणात बरोबर आहे, आणि तुमच्या अंगणात त्याने नुकसान होईल. डॅलसमध्ये बहुतेक घरांपुढे बर्म्युडा असतं. बर्म्युडा म्हणजे दुसरं कोणी नाही, आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा, आणि शेतकरी जिला शिव्या देत खणून काढतो तीही हीच. ती उष्ण हवेतली वनस्पती. थंडीत पार तपकिरी होऊन निजते आणि माती तापली की जमिनीलगतच्या खोडांतून फुटते. म्हणून वसंताच्या तोंडाला तिचे वाळके केस खाली कापले की ऊन आत जातं आणि ती लवकर हिरवी होते. न्यू जर्सीत आपल्या पायाखाली असतं ते केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, फाइन फेस्क्यू आणि पेरेनियल रायग्रास, यांचं कमीअधिक मिश्रण. ही सगळी थंड हवेची गवतं. ६० ते ७५ अंश फॅरनहाइट ही त्यांची सुखाची हवा. वसंत आणि शरद हे त्यांचे दोन हंगाम, आणि मधला उन्हाळा म्हणजे त्यांचा दुष्काळ. ती आत्ता जागी आहेत, मुळं सोडत आहेत आणि मागच्या शरदात साठवलेली साखर खर्च करत आहेत. अशा वेळी पाती मुळापासून उडवली तर ते अन्न मुळांऐवजी पुन्हा पाती काढण्यात जातं, आणि उघड्या मातीवर ऊन पडून तणाचं बी आनंदाने उगवतं.

त्या तणाचं नाव क्रॅबग्रास. वसंतात करायच्या कामांपैकी तारखेला खरोखर बांधलेलं काम हे एकच. क्रॅबग्रास दर वर्षी बियांपासून नव्याने उगवतं आणि पहिल्या कडक थंडीत मरतं. वरच्या थरातल्या मातीचं तापमान सलग काही दिवस ५५ अंशांच्या आसपास राहिलं की बी रुजायला लागतं. त्याआधी मातीवर प्री-इमर्जंट, म्हणजे बी उगवण्याआधीच रोखणाऱ्या, औषधाचा पडदा पडलेला असावा लागतो. दुकानात ते प्रोडायमीन, पेंडिमेथॅलिन किंवा डायथायोपिर या घटकांच्या नावाने ओळखा. ब्रँड कुठलाही असो, पिशवीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. मातीचा थर्मामीटर दहाबारा डॉलरला मिळतो, पण कॉलनीत फोर्सिथियाची पिवळी झुडपं असतातच. तिची फुलं ऐन बहरात आली की पिशवी फोडा, आणि फुलं गळून पानं दिसायला लागायच्या आत काम संपवा. आपल्या भागात हे साधारण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येतं. टाकल्यावर अर्धा इंच पाऊस किंवा पाणी हवं, नाहीतर औषध पात्यांवरच बसून राहतं.

काही आठवड्यांनी मागून गूसग्रास नावाचं आणखी एक तण येतं. मधोमध चपटं, चांदीसारखं पांढरट, चाकाच्या आऱ्यांसारखं पसरलेलं. त्याला तुच्छ लेखू नका, ते आपल्या नाचणीच्या कुळातलं आहे, नाचणीची रानटी चुलतबहीणच. कडक, पायाखाली तुडवलेल्या जमिनीत ते पहिलं येतं. कोपऱ्याकोपऱ्यावर गूसग्रास दिसलं की तिथली माती दबली आहे असं समजा.

आता ज्या चुकीमुळे मी हे उत्तर एवढं लांबवतो आहे ती सांगतो. क्रॅबग्रासचं औषध बी रुजताना त्याची मुळं मारतं. ते बी क्रॅबग्रासचं आहे की तुम्ही वीस डॉलर मोजून आणलेल्या फेस्क्यूचं, हे त्याला कळत नाही. माझ्या धंद्याच्या पहिल्या वर्षी एका आजोबांच्या लॉनवर मी एकाच दिवशी सकाळी बी आणि दुपारी हे औषध टाकलं. पिशव्यांवर दोन्हींची वेळ एप्रिल लिहिलेली होती. जूनपर्यंत एक पाती उगवली नाही. ते आजोबा रोज सकाळी काठी टेकत त्या उघड्या तुकड्याला पाणी घालत होते. सप्टेंबरमध्ये मी पदरमोड करून सगळं पुन्हा पेरलं, पण त्यांचा तो उन्हाळा परत देता आला नाही. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारतो: या वसंतात तुम्हाला तण रोखायचं आहे की बी पेरायचं आहे? एका तुकड्यावर दोन्ही होत नाही. प्रोडायमीनसारख्या औषधानंतर बी पेरायला तीनचार महिने थांबावं लागतं. मेसोट्रायोन असलेली काही उत्पादनं मात्र पेरणीच्या वेळीही चालतात, तसं पिशवीवर स्पष्ट छापलेलं असतं. ते छापलेलं नसेल तर चालत नाही असं धरा.

तुमच्यासाठी माझा हिशेब असा. सगळ्या लॉनला औषध टाका आणि बी पेरू नका. स्नो मोल्डचे चट्टे आणि व्होलचे चर आपोआप भरतील. ड्राइव्हवेची पट्टी वास्तुशांतीला डोळ्यात भरणार असेल, तर तिथे बियांच्या भानगडीत न पडता सॉड बसवा, म्हणजे शेतात वाढवलेल्या गवताच्या गुंडाळलेल्या लाद्या. आधी मीठ धुऊन, दोनतीन इंच माती खणून मोकळी करून, एप्रिलअखेर अंथरा. विटा रचतात तसे सांधे चुकवत लावा, सांधे घट्ट जुळवा, आणि पहिले दोन आठवडे लादीखालची माती सुकू देऊ नका. कोपरा उचलून बघा, वर येत नसेल तर मुळं धरली. जूनपर्यंत त्यावर चालता येईल. त्या पट्टीवर तेवढं क्रॅबग्रासचं औषध पडू देऊ नका.

वसंतात पेरलेलं बी उगवत नाही असं नाही. उगवतं, मे महिन्यात पोपटी दिसतं, फोटोही छान येतात. पण त्याची मुळं दोनतीन इंचांवर असतात आणि जुलैमध्ये ९० अंशांचा आठवडा येतो. मी पेरलेल्या वसंतातल्या लॉनपैकी जी टिकली, ती सगळी रोज पाणी घालणाऱ्या घरांची होती.

खताबद्दल दुकानातल्या चार पिशव्यांपेक्षा वेगळं सांगणार आहे. वसंतात भरघोस नत्र (नायट्रोजन) घातलं की गवत भराभर वाढतं, आठवड्यातून दोनदा कापावं लागतं, रंगही गडद होतो. पण ती सगळी वाढ वर होते. मुळांसाठी ठेवलेली साखर पाती खाऊन टाकतात, आणि उन्हाळ्याच्या दमट रात्रींत अशा लुसलुशीत गवतावर ब्राउन पॅच नावाचा बुरशीचा रोग येतो. तुमच्या गवताचा मुख्य जेवणाचा वेळ सप्टेंबर-ऑक्टोबर. वसंतात भूक असेलच तर मेच्या उत्तरार्धात अर्धी मात्रा द्या.

आणि इथे कायदाही आहे. न्यू जर्सीने जानेवारी २०११ मध्ये लॉनच्या खतांवर कायदा केला, तो देशातल्या कडक कायद्यांपैकी एक आहे. बार्नेगॅट खाडीचं पाणी खतांमुळे बिघडत होतं, त्यातून तो आला. १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकाला नत्र किंवा स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत टाकता येत नाही. माती परीक्षणात कमतरता दिसली नसेल, किंवा नवीन पेरणी-दुरुस्ती नसेल, तर स्फुरद टाकता येत नाही. म्हणून इथल्या पिशवीवरचा मधला आकडा शून्य असतो. नत्रापैकी किमान २० टक्के सावकाश विरघळणारं हवं. एका वेळी १००० चौरस फुटांना ०.९ पौंडापेक्षा जास्त नत्र नको, आणि वर्षभरात ३.२ पौंडांपेक्षा जास्त नको. जोरदार पावसाच्या आधी टाकायचं नाही. ड्राइव्हवेवर आणि फुटपाथवर उडालेले दाणे झाडून परत गवतात टाकायचे. रस्त्याकडेची जाळी गटारात जाते असं वाटतं, पण तिथलं पाणी शुद्धीकरण न होता ओढ्यात, तिथून रॅरिटन नदीत आणि पुढे समुद्राला मिळतं.

१००० चौरस फूट डोळ्यांसमोर येत नसेल तर गुंठा आठवा. १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, म्हणजे पिशवीवरचा हजाराचा आकडा जवळपास गुंठ्याचाच. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. घर, ड्राइव्हवे, डेक वजा केलं तर तुमच्याकडे सहाएक हजार चौरस फूट लॉन असेल. पण अंदाजावर जाऊ नका, टेप घेऊन मोजा. समजा पिशवीवर २५-०-५ आहे. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा (पोटॅशचा). १०० पौंडात २५ पौंड नत्र. ०.९ पौंड नत्र हवं तर ३.६ पौंड खत लागेल, सहा हजार फुटांना सुमारे २२ पौंड. मी सांगितलेली अर्धी मात्रा म्हणजे ११ पौंड. हे ११ पौंड दोन भाग करून स्प्रेडर, म्हणजे खत पसरायची ढकलगाडी, कमी आकड्यावर ठेवून टाका, एक भाग उभा आणि एक आडवा, कुळवाच्या उभ्या-आडव्या पाळीसारखा. मग लॉनवर पट्टे उमटत नाहीत.

पण खत, चुना यांच्या आधी माती तपासून घ्या. रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे, आणि प्रत्येक काउंटीत त्यांचं विस्तार कार्यालय आहे, आपल्या कृषी विस्तार सेवेसारखंच. दहाबारा ठिकाणची वरची चारपाच इंचांची माती मिसळून नमुना द्या. पुढचा आणि मागचा वेगळा. इथल्या माती आम्लाकडे झुकतात. लॉनला सामू (pH) ६ ते ७ दरम्यान, साडेसहाच्या आसपास हवा. चुना लागेल की नाही आणि किती पौंड, हे अहवालात लिहून येतं. शेजारी टाकतो म्हणून चुना टाकलेल्या एका लॉनचा सामू मला साडेसातच्या वर सापडला होता. ते गवत वर्षानुवर्षं फिकट होतं आणि घरमालक दर वसंतात आणखी चुना टाकत होते.

याच विद्यापीठाची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आज जगभर पेरली जाणारी लॉन गवतं घडवण्यात रटगर्सचे रीड फंक यांचा वाटा फार मोठा आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये लाखो पायांखाली तुडवलं जाऊनही तग धरून राहिलेली रायग्रासची रोपं त्यांनी निवडली. त्यातून १९६७ साली ‘मॅनहॅटन’ नावाचं वाण आलं. पूर्वीचं रायग्रास भरड आणि अल्पायुषी मानलं जाई, या वाणानंतर त्याला लॉनमध्ये मान मिळाला. इतक्या जवळ हे काम होत असताना आपण पिशवीवरचं चित्र बघून बी घेतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

कापणी. गवत चार इंच झालं की पहिली कापणी करा, तीन इंचांवर. पुढेही तीन ते साडेतीन इंचच ठेवा आणि एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. उंच पाती मातीवर सावली धरतात, त्यामुळे तणाचं बी उजेडाविना पडून राहतं आणि ओल टिकते. मला एकच गोष्ट सांगायची मुभा दिली तर मी मोअरची उंची वाढवा एवढंच सांगेन. पातं धारदार हवं. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि दुसऱ्या दिवशी लॉनवर पांढरट झाक दिसते. पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढा, बॅटरीचा मोअर असेल तर बॅटरी काढा. हे दर वेळी करा. मागच्या मालकाने सोडून दिलेल्या मोअरमध्ये हिवाळ्याआधीचं पेट्रोल असेल तर ते वापरू नका, ते शिळं झालेलं असतं. कापलेलं गवत उचलू नका. ते कुजून वर्षभराच्या नत्राचा पाव हिस्सा परत देतं. त्याने थॅच वाढतो हा गैरसमज आहे. थॅच म्हणजे मातीच्या वर साठलेला खोडं आणि मुळांचा लवकर न कुजणारा थर. चाकूने छोटा चौकोन कापून बघा, तो अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. जास्त असला तरी ते काम, आणि जमिनीत भोकं पाडायचं एरेशनही, सप्टेंबरवर ठेवा.

मेपलखालचं शेवाळ. शेवाळ गवताला मारत नाही. गवत गेलं म्हणून रिकाम्या जागी ते आलं आहे. सावली, दबलेली ओली माती आणि आम्लता यापैकी एक तरी कारण असतं, आणि मेपलखाली सहसा तिन्ही असतात. त्याची मुळं अगदी वर पसरलेली, पाणी तीच पिऊन टाकतात. चुना टाकून शेवाळ जातं असं सगळे सांगतात, नुसत्या चुन्याने जात नाही. मी स्वतः तिथे गवताचा नाद सोडतो. फांद्यांच्या छायेएवढं गोल आखून दोन इंच लाकडी मल्च, म्हणजे लाकडाच्या चुऱ्याचा थर, घाला, किंवा फर्न आणि पेनसिल्व्हेनिया सेज (sedge) नावाचं गवतासारखं रोप लावा. होस्टा सुंदर दिसतात, पण इथली हरणं एका रात्रीत फस्त करतात. मल्च बुंध्याला टेकवू नका. सगळ्या कॉलनीत झाडांभोवती मल्चचे वारुळासारखे ढीग दिसतील, ते बघून शिकू नका. सालीला सतत ओल लागून ती कुजते आणि झाड हळूहळू, आठदहा वर्षांत, मरतं. मुळं जिथे रुंदावतात तो भाग उघडा दिसला पाहिजे.

झुडपांना कात्री लावायची घाई करू नका. फोर्सिथिया, लायलॅक, अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन आणि मोठ्या गोल निळ्या-गुलाबी फुलांचे हायड्रेंजिया मागच्या वर्षीच्या काडीवर फुलतात. आत्ता छाटलंत तर यंदाची फुलं कापलीत. फुलं सरल्यावर छाटा. गुलाब मात्र फोर्सिथियाबरोबर छाटायचे, आणि शोभेची उंच गवतं नवा कोंब यायच्या आधी. नवीन घरात तर मी म्हणेन, पहिलं वर्ष काहीच उपटू नका. मागच्या मालकाने काय काय पुरून ठेवलं आहे ते एप्रिल-मेमध्ये एकेक करून वर येतं.

काही खणायचं असेल, अगदी झाड लावायला दोन फूट, तरी आधी ८११ ला फोन करा. फोन फुकट आहे. काही दिवसांत माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करतात: पिवळा गॅस, लाल वीज, निळा पाणी, नारिंगी केबल.

आता अंगाची काळजी, आणि हे मनावर घ्या. आपल्याकडे गोचीड गुराढोरांची म्हणून आपण सोडून देतो. इथली काळ्या पायांची गोचीड लाइम रोग देते, आणि न्यू जर्सीत तो भरपूर आहे. मे ते जुलैमध्ये तिची खसखशीच्या दाण्याएवढी पिल्लं पालापाचोळ्यात आणि लॉनच्या झाडीकडच्या कडेला असतात. पाचोळा काढताना फुल पँट, मोजे पँटच्या वर, फिकट कपडे. घरात आल्यावर अंघोळ, आणि मुलांची काखा, गुडघ्यांची लवण, कानामागे, केसांत तपासणी, रोज. चिकटलेली सापडली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, तेल-तूप लावत बसू नका. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरला गोचिडीचं आवर्जून सांगा.

कुंपणावर तीन पानांची चकचकीत, वसंतात तांबूस दिसणारी वेल असेल तर ती पॉइझन आयव्ही. बिब्बा आणि आंबा यांच्याच कुळातली. आंब्याच्या चिकाने ज्यांचं तोंड उततं त्यांनी तिच्यापासून दुप्पट लांब राहावं. झाडावर चढलेली जाड केसाळ दोरासारखी वेल हीच असू शकते, पानं नसतानाही तिचा चीक बाधतो. कधीही जाळू नका, धूर फुप्फुसात जातो. स्पर्श झाला तर लगेच साबण-पाणी.

झाडांच्या बुंध्यांवर, अंगणातल्या खुर्च्यांखाली वाळलेल्या चिखलाचे करडे सारवण दिसलं तर ती स्पॉटेड लँटर्नफ्लायची अंडी. एप्रिलअखेरपासून फुटायला लागतात. आत्ताच जुन्या कार्डाने खरवडून सॅनिटायझर घातलेल्या पिशवीत टाका. २०१४ मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियात हा किडा पहिल्यांदा सापडला, आता इथे न्यू जर्सीत सगळीकडे आहे.

तुळस आणि कढीपत्ता मदर्स डेच्या (मेचा दुसरा रविवार) आधी बाहेर ठेवू नका. रात्री ५० अंशांच्या वर राहायला लागल्या की आधी आठवडाभर सावलीत, मग उन्हात.

वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी गवत कापा, आदल्या दिवशी नको, आणि त्या आठवड्यात पाणी कमी करा, म्हणजे शंभर माणसांच्या पायांखाली माती दबणार नाही. मांडव मागच्या सपाट भागात घाला, जेवणाच्या पंगती मेपलच्या सावलीतल्या मल्चवर बसवा. मांडवाची ताडपत्री संध्याकाळीच गुंडाळा, एका उन्हाच्या दिवसात तिच्याखालचं गवत भाजतं.

मग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात खरं काम सुरू होतं. माती अजून उबदार, रात्री गार, आणि क्रॅबग्रास म्हातारं झालेलं. तेव्हा भोकं पाडा, बी पेरा. उन्हाच्या जागी टॉल फेस्क्यू घ्या, त्याची मुळं खोल जातात, हजार चौरस फुटांना सहा ते आठ पौंड. रायग्रास आठवड्यात दिसेल, फेस्क्यू दोन आठवड्यांत, ब्लूग्रासला तीनचार आठवडे लागतील, तोपर्यंत घाबरून पुन्हा पेरू नका. बियाण्याच्या पिशवीला मागे एक छोटी चिठ्ठी शिवलेली असते. त्यावर वाणांची नावं, उगवणीची टक्केवारी, तणाच्या बियांची टक्केवारी आणि चाचणीची तारीख असते. नुसतं ‘मिश्रण’ लिहिलेलं असेल, अ‍ॅन्युअल रायग्रासचं प्रमाण मोठं असेल, किंवा चाचणी वर्षापूर्वीची असेल, तर ती पिशवी परत फळीवर ठेवा आणि शेजारची उचला.